गेटवरचं शून्य

भाऊजी प्यायचे. उगाच झाकून कशाला ठेवू? माझी ताई त्यांच्यापायी झुरून अर्धी झाली होती. पण कारखान्यात क्रेन चालवायचे, तर पिऊन ते कधी क्रेनवर चढले नाहीत. आणि कारखान्यात पाटी लागली, ‘व्यसन असेल तर आपणहून सांगा, उपचार आम्ही करू, नोकरी राहील, नाव गुप्त राहील’, तेव्हा अख्ख्या खात्यातून सांगायला गेले ते हे एकटेच. दवाखान्यात राहून आले. दारू सुटली ती सुटलीच.

गुप्त नाव मात्र त्यांच्याआधी गेटवर पोचलं होतं. बाकीच्यांची तपासणी चिठ्ठ्या काढून, भाऊजींची रोज. सगळ्यांसमोर दारू पकडायच्या मशीनमध्ये फुंकायचं, शून्य आलं की आत जायचं. फुंकायला साहेबांच्या गाडीची काच मात्र कधी खाली झाली नाही.

“फुंकायला काय जातं तुमचं?” ताई म्हणायची.

“एकदा येऊन उभी राहा गेटवर,” म्हणत ते डबा उचलायचे.

एका दुपारी दुसऱ्या क्रेनवरून लोखंडी पत्रे घसरले. खालच्या माणसाचा पाय गेला. भाऊजी तेव्हा कॅन्टीनमध्ये जेवत होते, तरी मशीन आधी त्यांच्याच तोंडाशी आलं. शून्य. पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य.

“मशीन बिघडलंय वाटतं,” साहेब म्हणाले.

तेवढ्यात त्या क्रेनचा चालक मागच्या दाराने घरी पळाला. दुसऱ्या दिवशी झोप काढून आला, त्याचंही शून्य. आणि ‘खबरदारी’ म्हणून क्रेनवरून उतरवलं कुणाला, तर भाऊजींना! गोदाम झाडायला लावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! युनियनचा पुढारी म्हणाला, “तुम्हाला सांगायला कुणी सांगितलं होतं?”

मग एका संध्याकाळी तोच चालक ताईच्या घरी आला. मी तिथेच होते.

“दादा, त्या दिवशी मी घेतली होती. साहेबांना सगळं सांगून टाकतो. तुमची क्रेन तुम्हाला मिळेल, माझीही दारू सुटेल.”

ताईने माझा हात घट्ट धरला.

“सांगू नकोस,” भाऊजी म्हणाले. “कुणालाच सांगू नकोस.”

“भाऊजी, वेड लागलंय का तुम्हाला?” मी ओरडलेच.

“याचं काय करतील ते मला माहीत आहे.”

मला त्यांचा भयंकर राग आला. अजून येतो. तो चालक अजून क्रेन चालवतो. भाऊजी त्याच क्रेनखाली झाडू मारतात.