मागचे पेडल

"मागचीला काय, नुस्ते पाय हलवायचे. हँडल माझ्या हातात, ब्रेक माझ्या हातात," ताई सांगत होती. मंठा रोडवरच्या टपरीवर तिच्या दोन मैत्रिणी हसल्या. मी दहा पावलांवर दोन सीटची टँडेम सायकल धरून उभी होते. मला दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असं ताईला नेहमीच वाटत आलंय.

"मंग हिच्या जागी दुसरी चालंल?" एकीनं विचारलं.

"बिलकुल चालंल. अंधांच्या हॉस्टेलची एक पोरगी बघून ठेवली मी. हिच्यापेक्षा हलकी हे."

अंध खेळाडूंची राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर होती.

ताई माझी चुलतबहीण. चार वर्षं आम्ही एकाच सायकलवर, ती पुढे आणि मी मागे. इंग्रजी शाळेत पी.टी.च्या तासाला मला भिंतीशी बसवून बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखायला द्यायचे. सीटवर मला पहिल्यांदा ताईनंच बसवलं, हे मी नाकारत नाही. पण पहिल्या पदकानंतर मस्तगडला सत्कार झाला, तेव्हा शाल उलगडल्याचा आवाज माझ्या शेजारून आला. नारळही तिकडेच गेला. माझ्या हातात एक गुलाब आला, काटे न काढलेला. "मी हिला सगळीकडं घेऊन जाते," ताई माइकवर म्हणाली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

टपरीवरून परत निघालो आणि पहिल्याच चढाला मी जोर काढून घेतला.

दोघींची पेडल्स एका चेननं जोडलेली असतात. पुढचे पाय फिरले की मागचे आपोआप फिरतात. माझे पाय फिरतच होते, फक्त दाबत नव्हते. ताईला आधी धाप लागली, मग तिचं बोलणं बंद झालं. तिच्या पाठीची ऊब माझ्या तोंडावर येत होती. इतकं छान मला कुठल्याच पदकानं वाटलं नव्हतं.

"चेन जाम झाली काय गं?"

"माहीत नाही, ताई."

चार दिवस तेच. तिनं टायर बदलले, ब्रेक ढिले केले, वाऱ्याला शिव्या घातल्या. मी जोर लावतेय का, हे मात्र मागे वळून एकदाही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी कोचना फोन केला. स्पर्धेचा फॉर्म माझ्या नावानं भरला जातो आणि पुढे कोण बसणार ते मी सांगायचं असतं. ताईनं तो कधी वाचलाच नव्हता. पुढच्या सीटसाठी मी दुसऱ्या मुलीचं नाव दिलं.

त्याच दुपारी ताई सायकल मस्तगडच्या मिस्त्रीकडे घेऊन गेली. मीही गेले. त्या दोघी मैत्रिणीही होत्या. मिस्त्रीनं चेन काढली, तेल दिलं, चाकं फिरवून पाहिली.

"एकदम बराबर हे सायकल, मॅडम. काहीच फॉल्ट न्हाई."

"असं कसं? चढाला जीव जाऊन राह्यला माझा! अजून एकदा खोला."

मी त्याला सगळं पुन्हा खोलू दिलं. शेवटचा नट पत्र्याच्या डब्यात पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबले.

"सायकल नीट आहे, ताई," मी म्हणाले. "चार दिवस मी नुसते पाय हलवत होते."