त्याच्यापेक्षा मोठी दुर्बीण

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास ओझरच्या विमान कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर असलेला मित्र रविवारी नाशिकच्या रायफल क्लबातही माझ्या शेजारीच पालथा पडून नेम धरायचा. त्याच्या मेव्हण्याने परदेशातून त्याच्या पॉइंट टू टू रायफलीसाठी चारपट मोठं दाखवणारी दुर्बीण आणली आणि माझा नुसता जळफळाट झाला. त्याला चारपट, मग मला बारापट! मुंबईला जाऊन मी तशीच आणली. तिच्यातून निशाण मोठं दिसायचं, पण माझ्या हाताची थरथरही बारापट दिसायची. माझ्या सगळ्या गोळ्या भरकटल्या.

त्याने आरामात एक गोळी झाडली आणि म्हणाला, "तुझी दुर्बीण भारी आहे. माझी कुठे लागली, बघ ना."

दहा गुणांच्या ठिपक्यात अगदी मधोमध भोक होतं.

"नऊ," मी म्हणालो.