न्हाणीघरातल्या दांड्यासाठी ड्रिल

जुनं शहर सोडून नव्या राजधानीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि दुसऱ्याच महिन्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण हिंमत गेली. दार उघडं ठेवून, मला बाहेर उभं करून त्या अंघोळ करू लागल्या. आयुष्यभर पदर ढळू न दिलेली बाई, तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. मग "आज कणकण आहे" म्हणत त्या अंघोळच टाळू लागल्या. मला फार वाईट वाटायचं.

भिंतीत धरायला स्टीलचा दांडा बसवायचा, एवढंच काम. पण नव्या वस्तीत मिस्त्री मिळेना. मिळे तो "कल पक्का" म्हणे. नवऱ्याचा रविवार तर कधी उजाडतच नव्हता. शेवटी मी जाहीर केलं, मशीन आणते आणि भोकं मीच पाडते. न्हाणीघरात प्लग नव्हता, ओल्या फरशीवरून वायर ओढायची माझी छाती नव्हती, म्हणून बॅटरीवरची.

पहिल्या दुकानदाराने सूटकेसच उघडली. ड्रिलसोबत शंभर सुटे नग, दोन बॅटऱ्या, वर टॉर्च फुकट. मी हरखले. तरी जुन्या शहरातल्या, गुढियारी वस्तीतल्या आमच्या शेजाऱ्यांना फोन लावला. ते उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात फिटर. ते हसले. "दीदी, मशीन बाद में, पहले बैटरी देखो. पाँच साल बाद वही बैटरी मिलेगी क्या? और उसी पर दूसरी मशीनें चलेंगी क्या?"

या दोन प्रश्नांनी मी दुकानदारांना भंडावून सोडलं. सूटकेसवाल्याने सूटकेस मिटली. दुसरा म्हणाला, "मैडम, पाँच साल किसने देखे हैं?" तिसऱ्याने मात्र त्याच बॅटरीवर चालणारे ग्राइंडर, करवत, ब्लोअर काढून दाखवले आणि शहरातल्याच दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. मी ड्रिल एका हाताने डोक्यावर धरून पाहिलं. मनगट भरून आलं नाही, तेव्हा घेतलं.

घरी आणलं तर खंडेनवमी दोन दिवसांवर. "पूजा झाल्याबिगर अवजाराले हात नाही लावाचा," सासूबाईंनी बजावलं. नवमीला त्यांनी हळदीकुंकू कालवून मशीनला भक्तिभावाने बोटं ओढली. बॅटरी वेगळी ठेवली होती, तिच्या धातूच्या पट्ट्यांनाही सोडलं नाही. मी बॅटरी बसवून घोडा दाबला, तर मशीन ढिम्म.

"फसवलं तुले," नवरा खुशीत म्हणाला. "सूटकेस घ्याची होती."

"उजाडला का रविवार?" मी फणकारले आणि बॅटरी उपसली. पट्ट्यांवर हळदीकुंकवाचा चिखल!

सासूबाईंचा चेहरा उतरला. "माह्याच हातानं बिघडली का वं?"

"काही नाही बिघडली, आई," मी म्हटलं. मऊ टूथब्रशने पट्ट्या साफ केल्या, दुपारभर वाळवल्या. संध्याकाळी पुन्हा घोडा दाबला आणि मशीन घरघरली. आधी टाइल हळू पोखरली, मग भिंत. दांडा आवळून झाल्यावर मी त्याला लोंबकळून पाहिलं. नवऱ्यालाही लोंबकळायला लावलं.

दसऱ्याच्या सकाळी सासूबाई टॉवेल घेऊन निघाल्या. मी सवयीने दाराशी उभी राहिले.

"उभी काहून आहे? जाय, पोळ्या कर."

दार लागलं, आतून कडी वाजली. मग तांब्यामागून तांबे पाणी पडत राहिलं. अर्धा तास झाला तरी त्या बाहेर येईनात, आणि त्यांना हाक मारावी असं आम्हा दोघांनाही वाटेना.