फाटकावरची झडती

"आधी पाहुण्यांना चहा दे, मग तुझी गोष्ट वाच," मंडळाचे सर म्हणाले आणि माझ्या हातात ट्रे दिला.

सिल्वासात मराठी माणसांच्या मंडळाचा कार्यक्रम होता. नव्वदच्या आसपासची गोष्ट. वाचायला आम्ही तिघं. दोघे शाळामास्तर, तिसरी मी, नरोलीच्या सूत कारखान्यात बॉबिन भरणारी. चहाला मीच दिसले.

मुख्य पाहुणे निघाले आमच्याच कारखान्याचे मॅनेजर. कप उचलताना म्हणाले, "तू तो अपने वाइंडिंग में है ना? अब लिखती भी है?" पुढच्या खुर्च्या हसल्या. सरही हसले. माझे कान तापले. ट्रे मात्र मी सरळ धरला होता. त्याचीच चीड जास्त आली.

सर कानाशी आले. "ती झडतीची गोष्ट नको हं. मंडप साहेबांनी दिलाय. सणाची एखादी कविता म्हण."

ती झडती अशी. खेरडीची रमिला माझ्या शेजारच्या मशीनवर. वारल्यांची पोर, कमी बोलायची. सुपरवायझर अंगचटीला आला, तिनं हात झिडकारला. त्याच संध्याकाळी फाटकावर ती चोर ठरली. बॉबिन लपवलाय म्हणे. सुपरवायझरनं वॉचमनला सांगून तिचं लुगडं उतरवलं. सगळ्या पाळीसमोर. मी पुढे झाले तर दुसऱ्या वॉचमननं ढकललं. सापडलं काही नाही. मॅनेजर केबिनच्या काचेतून बघत होते.

मी तिला घेऊन पोलीस चौकीत गेले. हवालदारानं विचारलं, "चोरीला काय गेलं?"

"काही नाही."

"मग तक्रार कसली?"

म्हणून मी लिहिलं. रमिलाला विचारलं, नाव बदलू का? ती म्हणाली, "कशाला? लाज त्याला पायजे."

मी ट्रे साहेबांच्या पुढ्यात, टेबलावरच्या हारांवरच ठेवला. माइकपाशी गेले. वाचलं, "खेरडीच्या रमिलाचं लुगडं आमच्या सुपरवायझरनं फाटकावर उतरवायला लावलं."

दुसऱ्या वाक्याला माइक बंद. मी आवाज चढवला. मशीनच्या गोंगाटात बोलून आमचे गळे तसेच झालेत. मागे सतरंजीवर नरोलीच्या भाड्याच्या खोल्यांतल्या बाया होत्या. त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

"बाई, खाली बसा," सर म्हणाले. आता मी 'बाई' झाले, 'बसा' झाले. वाचत राहिले. साहेब उठून गेले, मागोमाग पुढची रांग गेली. बाया हलल्या नाहीत. शेवटचा शब्द त्यांनी ऐकला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कारखान्यानं मला आणि रमिलाला फाटकातूनच परत पाठवलं. सुपरवायझर आमच्यासमोर आत गेला. न्याय मिळाला असं मी सांगणार नाही. मिळाला नाही.

पुढे कधीतरी सर खोलीवर आले. गोष्ट दिवाळी अंकात छापू म्हणाले. "फक्त एवढं बदल. 'उतरवायला लावलं' नको. 'सुटलं' लिही. वाचणाऱ्यालाही बरं वाटतं."

"लुगडं आपोआप सुटत नसतं, सर," मी म्हणाले आणि दार उघडून उभी राहिले. ते गेले.

त्या दिवशी पक्कं केलं. बाई जळाली, पोर विहिरीत पडली, असं मी लिहायची नाही. जाळली. ढकलली. आणि कुणी, तेही त्याच वाक्यात.