कोणता पत्ता, सर?

गोंदियाच्या कॉलेजात आम्हाला सी भाषा शिकवणारे सर हिंदीत विचार करायचे आणि मराठीत बोलायचे. एकदा ते म्हणाले, "फंक्शनला व्हेरिएबल दिलं की त्याची झेरॉक्स आत जाते. झेरॉक्सवर काहीही खोडा, मूळ कागद तसाच राहतो. मूळ बदलायचं तर पत्ता पाठवा."

माझ्या शेजारी माझी रूममेट बसायची, सालेकसा तालुक्यातली. तिच्या घरचे सगळे उन्हाळ्यात जंगलात पत्ता तोडायला जायचे. पत्ता म्हटलं की तिला तेंदूचं पानच दिसायचं. तिने सरळ विचारलं, "कोणता पत्ता, सर?"

"तेंदूपत्ता!" सर म्हणाले. वर्ग खदखदून हसला. तेव्हापासून तिचं नावच तेंदूपत्ता पडलं आणि तिने वर्गात तोंड उघडणं सोडलं. त्या हसणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. व्हेरिएबल मेमरीत जिथे राहतं तो पत्ता, नावाआधी & हे चिन्ह लावलं की मिळतो. एवढं सांगायला सरांना कितीसा वेळ लागला असता? खोलीवर मी समजावू लागले की ती म्हणायची, "राहू दे व, मले येते."

घरी तिला स्थळ आलं होतं. यंदा पास झाली तर शिकेल, नाहीतर लग्न, असं वडिलांनी बजावलं होतं.

प्रॅक्टिकलला तिला दोन आकड्यांची अदलाबदल करायचा प्रोग्राम आला. मी शेजारच्याच कम्प्युटरवर होते. फंक्शनच्या आत आकडे बदललेले दिसले, बाहेर मात्र जसेच्या तसे. तिने & लावलंच नव्हतं.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "बाहर तो कुछ नहीं बदला."

"आत तं बदलले ना, सर."

"पता क्यों नहीं भेजा?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. तिने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. परीक्षक पुढे गेले.

ती नापास झाली. लग्न ठरलं. मी तिला स्टेशनवर सोडायला गेले होते. "पुन्हा परीक्षा दे ना," मी म्हटलं. मला रडू येत होतं, तिला नाही. तिने पिशवी खांद्यावर घेतली.

"इतकं शिकली मी. आत तं बदललं ना व सारं?"

"हो," मी म्हणाले.

"पण बाहेर कोणाले दिसून राहिलं?" असं म्हणून ती डब्यात चढली.