सात पत्रिका, एक बबन

ताईच्या लग्नात मामा म्हणून तिच्यामागे उभा राहिलेला माणूस आमच्या नात्यातला नव्हता. ही सोय मी कॉम्प्युटरवर केली होती.

तेव्हा मी नारायणगावात प्रोग्रॅमिंग शिकत होतो आणि खिशात कायम समतेची पत्रकं बाळगत होतो. (दोन्हींपैकी काहीच नीट वाचलं नव्हतं!) आप्पा अक्षत घेऊन पहिल्यांदा बबनमामांकडे, पिंपरी पेंढारला निघाले, तसा मी आडवा आलो.

"मानपान म्हणजे सरंजामशाही! सगळ्यांना एकसारखी पत्रिका, पोस्टानं!"

"आरं, मामाला तरी हातानं देऊ दे," आई म्हणाली.

"मामा काय आभाळातून पडलेत?"

आप्पांनी पत्त्यांची वही माझ्यापुढे टाकली. "घे. पण एक बी माणूस ऱ्हाता कामा नये."

मी डिक्शनरी बनवली. म्हणजे अशी यादी, जिच्यात नाव ही किल्ली. किल्ली दिली की पत्ता बाहेर. टाइप करताना नावांच्या मागेपुढे मोकळ्या जागा राहिल्या होत्या, त्या छाटल्या. इथवर शिकवल्याप्रमाणे होतं. मग हात शिवशिवले. 'श्री.' छाटलं. 'राव' छाटलं. 'शेठ', 'पाटील', 'मामा', शेवटी आडनावंसुद्धा! जातीचा वासच नको! बबनराव, बबनशेठ, बबनमामा, सगळे नुसते 'बबन'. क्रांती झाली!

एका किल्लीला एकच पत्ता राहतो, नवा टाकला की जुना पुसला जातो, हे मात्र ध्यानात आलं नाही. वहीत सात बबन होते. शेवटचा शिनोलीचा ताशेवाला. प्रत्येक नावाची पत्रिका निघाली, पण सातही बबनांच्या पाकिटांवर पत्ता त्याचाच.

लग्नाच्या सकाळी तो टेम्पो भरून आला. "सात पत्रिका, भाऊ! एवढा मान आमाला कुनी दिला न्हाई. समदी भावकी आणली!"

आईनं विचारलं, "मामा कुठंय?"

मी फोनच्या बूथवर धावलो. "मामा, चूक झाली. सगळ्यांची किल्ली एकच झाली..."

"कसली किल्ली, राव?" मामा शांतपणे म्हणाले. "नवा फेटा आणून ठेवलाय. महिनाभर पोस्टमनची वाट बघतोय."

ते तसेच निघाले. मुहूर्त थांबला नाही. गुरुजींनी "मामा कोण?" म्हणून हाक दिली. मांडवात कुणी हलेना. ताई दाराकडे बघत राहिली. शेवटी ताशेवाला बबन काठ्या खाली ठेवून पुढे झाला. "मी ऱ्हातो हुबा. लेक समद्यांचीच."

मामा पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. नवा फेटा बांधून ते शेवटच्या पंगतीत बसले. ताई त्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्याशी ती पाठवणीच्या वेळीही बोलली नाही.

पुढे मामांच्या मुलाचं लग्न निघालं. मामा स्वतः अक्षत घेऊन आले. आईला दिली, आप्पांना दिली, मग ताईच्या सासरी गेले.

माझी पत्रिका पोस्टानं आली. त्याच घरी! पाकिटावर नुसतं माझं नाव. पुढेमागे काहीच नाही, सगळं व्यवस्थित छाटलेलं.