एका खिळ्यावरची दोन घड्याळं

आर्मास किन्नुनेनला आमच्या सार्किवारा गावात कुणी धावताना पाहिलेलं नाही. तळ्यावर धुकं सरकतं तसा तो चालायचा. होड्या बांधणारा माणूस. ऑक्टोबरात आमची टोळी एल्कच्या, म्हणजे थोराड रानहरणाच्या, शिकारीला रानात शिरली, की कोण कुठे उभा राहणार आणि हाका कुठून घालायचा, हे त्याच्या हाताच्या खुणेवर ठरे. तोंडाने शब्द नाही. त्याच्या रानात जो ओरडला तो पुढच्या वर्षी शिकार सोडून शेकोटीपाशी बसे. मी त्या टोळीतला, म्हणून सांगतो: असा म्होरक्या आमच्या तळ्याकाठी दुसरा झाला नाही.

त्याचा मेव्हणा रेइनो तळ्यापलीकडे एकटा राही. दर शनिवारी होडी वल्हवत दाजींकडे सौनाला, वाफेच्या अंघोळीला, यायचा. बाहेरच्या खोलीत दोघांचे दोन खिळे होते. अंगावरचं सगळं तिथे टांगायचं आणि वाफेत शिरायचं.

वसंतात आरोग्यकेंद्राने आडरानातल्या म्हाताऱ्यांना मनगटी घड्याळं वाटली. सगळी करडी, जुळ्या कोकरांसारखी. घड्याळ नाडी मोजायचं आणि केंद्रातल्या ज्याच्या त्याच्या नावाच्या खात्यात पाठवायचं.

ऑगस्ट सरता सरता आर्मासला डॉक्टरांचा निरोप आला. हृदय ठोके चुकवतंय; पूर्ण तपासणी होईपर्यंत रान नको, बंदूक नको. आर्मासने चष्मा पुसला आणि बंदूक कपाटात ठेवून किल्ली बायकोच्या हाती दिली. टोळीने रेइनोला म्होरक्या केलं. रेइनोने नाही म्हटलं नाही.

"दाजी, खुणा शिकवा," तो म्हणाला, "नाहीतर मी हात हलवायचो आणि एल्कला वाटायचं, निरोप देतोय."

आर्मास हसला नाही. त्या महिन्यात त्याने एकही होडी बांधली नाही.

सप्टेंबरात केंद्रातली नर्स आउती घरी आली. गावचीच पोर.

"आर्मासकाका, दम लागतो?"

"काल होडी पालथी घातली. एकट्याने."

"आणि जेवल्यावर मला म्हणतात, मी हृदयाचा रोगी, ताट तू उचल," त्याची बायको लेम्पी म्हणाली.

आउतीने टॅब्लेट उघडला. "आधी तुमच्या खात्याला कोणतं यंत्र जोडलंय ते बघू."

जोडलेल्या उपकरणांच्या पानावर एकच ओळ होती. करडं घड्याळ, क्रमांकाचं शेवटचं अक्षर के, आज सकाळीच नाडी पाठवलेली. आउतीने आर्मासच्या मनगटावरचं घड्याळ काढून उलटं केलं. मागे शेवटी टी होतं.

"काका, हे तुमचं नाही."

"मग माझं कुठंय?"

"ते इथे लिहिलेलं नाही. कुणाच्या तरी हातावर आहे, एवढं खरं."

लेम्पी राय धान्याच्या पिठाच्या पुऱ्या वाढत होती, ती थांबली. जूनच्या सणाला, वाफेत अंगावर मारायची बर्च झाडाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी तिनेच रेइनोच्या खिळ्यावर टांगली होती. तो खिळा अडला, म्हणून दोन्ही घड्याळं आर्मासच्या खिळ्यावर गेली होती.

तिघांनीही खिडकीतून तळ्यापलीकडे पाहिलं.

"दुसऱ्याचं खातं मी तुमच्यासमोर उघडू शकत नाही," आउती म्हणाली. "पण त्यांना मला आत्ताच कळवायला हवं."

"फोनवर नको," आर्मास उठला. "मी जातो. तू केंद्रात सांगून ठेव."

मी तेव्हा रेइनोच्या धक्क्यावर जाळं सुकवत होतो. आर्मासची होडी आली. त्याचं रान त्याला परत मिळालं होतं, पण चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं.

"मेव्हण्या, घड्याळ काढ. उलटं कर. शेवटी काय आहे?"

"के."

"ते माझं. हे तुझं."

रेइनोने दोन्ही घड्याळं शेजारी धरली. "म्हणजे उन्हाळाभर तुमच्या नावावर आजारी मी होतो."

"हो."

"आणि माझ्या नावावर ठणठणीत तुम्ही."

"हो."

"तरीच. मला वाटलं, धक्क्याच्या पायऱ्या वाढल्या." मग खाली बघत म्हणाला, "दाजी, म्होरकेपण आवडायला लागलं होतं हो."

"परवा सरावाला डावा हात केलास. उजवा करायचा होता."

"मी एल्कच्या बाजूने बघत होतो."

"चल, बस होडीत."

रेइनोने सवयीने वल्ह्यांना हात घातला. आर्मासने ती काढून घेतली आणि त्याला मागच्या फळीवर बसवलं. पलीकडच्या काठावर आउती गाडी घेऊन उभी होती.

रुग्णालयात रेइनोला गोळ्या मिळाल्या. आउतीने खाती सरळ करून दिली, आर्मासच्या छातीत काही सापडलं नाही, आणि लेम्पीने किल्ली परत केली.

ऑक्टोबरात पहिल्या दिवशी टोळी निघाली. रेइनो शेकोटीपाशी सुपाचं भांडं ढवळत बसला होता. वाट फुटते तिथे आर्मास थांबला. वाट त्याला पाठ होती. तरी त्याने वळून रेइनोकडे पाहिलं. रेइनोने पळी खाली ठेवली आणि सावकाश डावा हात वर केला.

आर्मासने मान डोलावली आणि आम्हाला घेऊन उजवीकडे वळला.